थेक्लाचा तिसरा नंबर

म्हातारा योझेफ ग्रेगोरिच वारला तेव्हा त्याचं घर मुलाला गेलं आणि गाढवं मुलीला. गलीना गावात ही वाटणी पुढे कित्येक दिवस चघळली गेली. जमिनीखाली दिवस काढणाऱ्या माणसांना वर आल्यावर हसायला काहीतरी लागतंच. बारमध्ये लुडविगच्या पाठीवर थापा पडायच्या. "तुला छप्पर मिळालं रे लुडी, बहिणीला लाथा मिळाल्या!" लुडी हसायचा, सगळ्यांना एकेक बिअर पाजायचा. थेक्ला हसली नाही. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं गाढवंच मागितली असती. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिचा राग तेवढ्याचाच होता.

तापट बाई, असं गावात तिच्याबद्दल म्हणत. मला ते कधी पटलं नाही. जिथं चार जणांनी रागवायला हवं होतं आणि चौघंही मूग गिळून बसले होते, तिथं ती एकटी चौघांचं रागवून घ्यायची, म्हणून ती तापट दिसायची. ती शाळेची बस चालवत असे. कोलोरॅडोच्या त्या डोंगरात हिवाळ्यात बस चालवायची म्हणजे चाकांना साखळ्या बांधायच्या, काच खरवडायची, आणि वळणावर समोरून खनिजाचा ट्रक येऊ नये अशी प्रार्थना करायची. एकदा खाणीच्या बड्या साहेबाची गाडी बसच्या थांब्यावर उभी होती आणि पोरं रस्त्याच्या कडेला गुडघाभर बर्फात. थेक्लानं भोंगा वाजवला, साहेब बाहेर येईना. मग तिनं बसचं नाक हळूच त्या गाडीला टेकवलं आणि ढकलत ढकलत ती चर्चच्या दारात नेऊन ठेवली. साहेबानं शाळेकडे तक्रार केली. थेक्ला म्हणाली, "चर्चमध्ये जायला कुणाला लाज वाटायला नको."

नवरा होता एकेकाळी. खाणीत भोकं पाडणारा. कामासाठी नेवाडाला गेला, तो नेवाडातच राहिला. त्यावर मात्र तिनं फार आदळआपट केली नाही. "गेला ते बरं झालं," म्हणायची, "त्याला गाढवांचा वास यायचा. गाढवांनाही त्याचा यायचा."

गाढवांचा कुंपण घातलेला वाडगा होता गावाच्या वरच्या टोकाला, जुन्या खाणीच्या मातीच्या ढिगांपाशी, आणि त्याला लागूनच तिची लाकडी खोली. सगळ्या गाढवांत सेनेटर तिचा जीव की प्राण. नाव म्हाताऱ्या योझेफनं ठेवलेलं. "खातो सगळ्यांचं, हलत नाही कुणासाठी," असं तो म्हणायचा. पण थेक्लासाठी सेनेटर हलायचा. रोज सकाळी, बस काढायच्या आधी, ती त्याच्या पाठीवर लाकडी खोगीर चढवायची, त्याला कुदळ, फावडं आणि सोनं धुवायची परात बांधायची, आणि दोघं बॅनर खिंडीच्या वाटेनं पळत सुटायची. पुढं गाढव, त्याच्या मागच्या पायाशी जरा बाजूला ती, हातात सैल दोरी. तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटत. काय पुटपुटते असं एकदा कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, "गावातल्या लोकांच्या तक्रारी सांगते. तो एकटाच ऐकून घेतो."

जुलैच्या अखेरच्या रविवारी गावात शर्यत असे. जुन्या काळी सोनं शोधणारे लोक गाढवावर सामान लादून डोंगरात हिंडत, त्या आठवणीची शर्यत. माणसानं गाढवाबरोबर पळायचं. ढकला, ओढा, वाटल्यास खांद्यावर उचलून न्या, फक्त पाठीवर बसायचं नाही आणि मारायचं नाही. पुरुषांनी पळायचं थेट बॅनर खिंडीपर्यंत आणि परत. झाडं संपतात, मग गवतही संपतं, मग नुसते दगड आणि उन्हाळ्यातही न वितळणारं बर्फ, तिथपर्यंत. आणि बायकांनी? बायकांनी सपाट रस्त्यानं जुन्या गिरणीपर्यंत जायचं आणि परत यायचं. तिथं धाप लागली तरी लाजेनंच लागायची. बक्षीस म्हणून बायकांना विजेवर चालणारा मिक्सर मिळे. थेक्लाकडे असे तीन मिक्सर झाले होते. एकात ती गाढवांचा कोंडा कालवत असे.

पुरुषांच्या शर्यतीत सेनेटरला घेऊन लुडी पळायचा. वर्षभर खाऊपिऊ घालायचं थेक्लानं, खूर घासायचे थेक्लानं, दमवायचं थेक्लानं, आणि शेवटचे पंधरा दिवस दोरी लुडीच्या हातात. लुडी देखणा होता, पायानं चपळ, जिभेनं गोड. गावाला तो आवडायचा. वर्तमानपत्रात छापून यायचं, 'लुडविग ग्रेगोरिच आणि त्याचा सेनेटर'. त्याचा! थेक्लानं ते पान वाडग्यात नेऊन सेनेटरसमोर धरलं, आणि त्यानं ते खाल्लं.

त्या वर्षी तिनं ठरवलं, आता पुरे. ती वेन्डल प्रॅटरच्या दुकानात गेली. वेन्डलचं लोखंडी सामानाचं दुकान, आणि शर्यतीच्या कमिटीचा तोच प्रमुख. खिळे मोजत बसला होता.

"माझं नाव घाल," थेक्ला म्हणाली. "मी आणि सेनेटर. खिंडीपर्यंत."

वेन्डलनं खिळे बाजूला सारले. माणूस तसा वाईट नव्हता. वाईट असता तर थेक्लाला सोपं गेलं असतं. "अगं थेक्ला, वर हवा विरळ असते."

"मी रोज वरच असते, वेन्डल. तू शेवटचा कधी गेला होतास?"

"माझं सोड. डॉक्टरसुद्धा म्हणतात, बायकांच्या आतल्या अवयवांना ते सोसत नाही. हादरे बसतात."

"माझी आजी पोटात माझा बाप घेऊन ती खिंड ओलांडून या गावात आली. एका हातात पेटी, एका हातात कोंबडी. कोंबडीलासुद्धा काही झालं नाही."

"ते वेगळं. तेव्हा शर्यत नव्हती."

थेक्लानं बाजूला सारलेले खिळे परत त्याच्यापुढं ढकलले.

"हे बघ," वेन्डल समजावणीच्या सुरात म्हणाला, "उद्या तुला वर काही झालं, तर नाव या गावाचं खराब होईल."

"आणि पुरुषाला काही झालं तर?"

"तर त्याचं नाव होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात गिऱ्हाईकं होती, सगळी कान देऊन ऐकत होती. त्यांतल्या एकानं हसत विचारलं, "वेन्डल, यंदा मिक्सर कुठल्या रंगाचा?" थेक्ला दार आपटून बाहेर पडली, आणि दारावरची घंटा खाली पडली.

लुडीला कळलं तेव्हा तो तिच्या खोलीत आला, खुर्ची उलटी करून बसला. "व्हायचं ते झालं, पण सेनेटर देशील ना?"

तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण सेनेटर वर्षभर त्या एका दिवसासाठी पळाला होता. त्या दिवशी त्याला कुणीतरी खिंडीपर्यंत न्यायला हवं, असं तिला वाटलं. "दे म्हणतोस तर देते," ती म्हणाली, "पण रोज येऊन त्याला पळवशील?"

"म्हणजे काय!"

लुडी एकदाच आला. बाकीचे दिवस खाणीत पाळी होती, मग डोकं दुखत होतं, मग बारमध्ये पैजा लागल्या होत्या.

दर वर्षी शर्यत सुटते तेव्हा थेक्ला चर्चच्या तळघरात पॅनकेक भाजत असायची. लुडीच म्हणायचा, तू समोर दिसलीस की गाढवाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. त्या वर्षी तिनं उलथनं डॉरीनच्या हातात दिलं आणि ती सरळ रस्त्यावर येऊन बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीला पोट टेकवून उभी राहिली. डॉरीन ही गावातल्या खानावळीत वाढपी, थेक्लाची मैत्रीण. ती मागून ओरडली, "अगं, पीठ कच्चं राहतंय!" थेक्लानं वळून पाहिलं नाही.

बंदुकीचा बार झाला आणि सगळी गाढवं उधळली. पराती खणखणल्या, धूळ उडाली, माणसं एकमेकांच्या दोऱ्यांत अडकली. सेनेटर झकास निघाला. पोस्टापर्यंत तो पहिल्या चारांत होता. पोस्टापाशी त्यानं एक कान मागं वळवला, मग मान वळवली, आणि चारही पाय रोवून उभा राहिला. थेक्ला रस्त्याच्या त्या टोकाला उभी होती आणि तो या टोकाला. आपण पळतो तेव्हा ती मागच्या पायाशी असते, एवढंच त्याला माहीत होतं.

लुडीनं दोरी ओढली. लुडीनं मागून खांदा लावला. बघे हसायला लागले. "लुडी, खांद्यावर घे त्याला!" "अरे, दोघांतलं गाढव कुठलं ते आधी सांगा!" लुडीनं आदल्या दिवशी बारमध्ये मारलेल्या बढाया सगळ्यांना पाठ होत्या. त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं दोरीचं टोक सेनेटरच्या तोंडावर मारलं. सेनेटरनं डोळे मिटले, पण हलला नाही. मग लुडीनं खोगिरातलं फावडं उपसलं आणि त्याच्या दांड्यानं हाणायला सुरुवात केली. कानामागं, मानेवर, पुन्हा कानामागं. हसणं थांबलं. ट्रकवर उभा राहून वेन्डल भोंग्यातून बोलत होता. त्यानं हे पाहिलं. थेक्लानं त्याला पाहताना पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं आणि तो भोंग्यात म्हणाला, "पुढचे गडी वळणावर पोचले बरं का मंडळी, वळणावर बघा!"

आणि मंडळी वळणाकडं बघायला लागली. एवढा मोठा रस्ता माणसांनी भरलेला, आणि सगळी वळणाकडं बघतायत.

थेक्ला दोरीखालून आत शिरली. ती पळाली नाही, चालत गेली. लुडीनं पुन्हा उचललेला दांडा तिनं वरच्यावर धरला.

"सोड."

"थेक्ला, लोक बघतायत."

"बघत नाहीत. हेच तर. सोड म्हणते."

लुडीला धाप लागली होती. त्यानं फावडं टाकलं, दोरी तिच्या अंगावर फेकली. "घे! पळव तूच! एवढी हौस आहे ना, जा वर, बघू कशी जातेस!" हे तो मोठ्यानं म्हणाला. पोस्टाच्या पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी ऐकलं.

थेक्लानं सेनेटरच्या कानामागचं रक्त आपल्या बाहीनं टिपलं. फावडं उचलून जागच्या जागी बांधलं. ती काहीतरी पुटपुटली आणि त्याच्या मागच्या पायाशी गेली. सेनेटर निघाला.

ती त्या दिवशी कशी पळाली ते तिनं नंतर कधी नीट सांगितलं नाही. ती म्हणायची, मला काही दिसत नव्हतं, मला नुसता राग दिसत होता. ॲस्पेनच्या झाडीत तिनं मागे राहिलेल्यांना गाठलं. पायात बसचा क्लच दाबायचे जाड बूट, अंगावर स्वयंपाकाचा ॲप्रन. तो तिनं पळता पळता सोडला आणि झाडीत फेकून दिला. झाडं संपली तिथं हार्लन नावाचा खाणकामगार आपल्या गाढविणीला ओढ्यात उतरवायला विनवण्या करत होता. त्यानं वर पाहिलं. "थेक्ला? लुडी कुठाय?"

"खाली."

"काय करतोय?"

"लाजत असला तर बरं."

हार्लन हसला. सेनेटर ओढ्यात उतरला हे पाहून त्याची गाढवीणही उतरली. "तुझ्या कृपेनं गं!" तो मागून ओरडला. वर बर्फाच्या पट्ट्यात गाढवांचे पाय पोटापर्यंत रुतत होते. तिथं थेक्ला बसून घसरली, उठली, दोन्ही हातांनी सेनेटरच्या पायाभोवतीचं बर्फ उकरलं. हाताला काही कळेनासं झालं. खिंडीच्या माथ्यावर कमिटीचे दोघं जण शेकोटीपाशी बसले होते. कोण कोण आलं त्याची खूण करायची, एवढंच त्यांचं काम. त्यांनी आधी गाढव ओळखलं, मग तिला.

"बाई, तू इथं काय करतेस? खाली जा."

"खालीच चाललेय. रस्ता तोच ना?" ती म्हणाली, आणि वळली.

उतरताना गारा आल्या. जुलैत दुपार कलायच्या आत खिंडीवर ढग जमतातच. गारा सेनेटरच्या कानामागच्या जखमेवर लागत होत्या. मग थेक्ला त्या बाजूला पळायला लागली, हात वर धरून. आतल्या अवयवांना काय हादरे बसले असतील ते बसले. पण जुन्या गिरणीपाशी, जिथून मिक्सरवाल्या बायका परत फिरायच्या, तिथं पुढं फक्त दोन गाढवं दिसत होती. त्यांना काही तिनं गाठलं नाही. ती तिसरी आली.

चर्चच्या तळघरातून बायका पळत वर आल्या, हाताला पीठ, तोंडानं आरडाओरडा. डॉरीननं तिला अशी मिठी मारली की दोघी धुळीत बसल्या. पोस्टाच्या पायऱ्यांवरची माणसंही टाळ्या वाजवायला लागली. आता मात्र सगळे तिच्याकडं बघत होते. थेक्लानं पाण्याची बादली मागितली, आणि ती आधी सेनेटरपुढं ठेवली.

बक्षीस समारंभ अग्निशमन दलाच्या शेडमध्ये असे. वेन्डलनं पहिला पुकारला, दुसरा पुकारला. मग चष्मा सारखा करून म्हणाला, "तिसरा नंबर, लुडविग ग्रेगोरिच आणि सेनेटर!"

थेक्ला हसली. तिला वाटलं, चुकून बोलून गेला. लोकांत कुजबुज झाली. आणि मग शेडच्या कोपऱ्यातून लुडी उठला. स्वच्छ शर्ट घातलेला, केस ओले करून विंचरलेले. तो वर गेला, त्यानं वेन्डलशी हात मिळवला, आणि चषक घेतला.

कुणीही काही बोललं नाही. नाही म्हणायला, हार्लननं बिअरचा डबा जमिनीवर आपटला. बस, तेवढंच.

थेक्ला गर्दी कापत पुढं गेली. "वेन्डल, हे काय आहे?"

"थेक्ला, आत्ता नको."

"आत्ताच. खिंडीवर कोण गेलं? तुझ्या माणसांनी पाहिलं मला."

"हे बघ, नाव लुडीचं दिलेलं होतं. गाढव तेच, गाढवाच्या पाठीवरचा नंबर तोच. गाढव पोचलं. मधे माणूस बदलायची नियमात सोय नाही."

"मग बाद कर आम्हाला!"

"बाद केलं तर तिसऱ्या नंबराला कोण येणार? चौथा तर घरी निघून गेला. विजेत्यांच्या पितळी पाटीवर जागा रिकामी बरी दिसत नाही."

"मारायचं नाही असं आहे ना नियमात? त्यानं फावड्यानं मारलं. तू पाहिलंस."

वेन्डलनं तिच्याकडं पाहिलं नाही. "मी वळणाकडं बघत होतो," तो म्हणाला.

मग ती लुडीकडं वळली. तो चषक मांडीआड धरून उभा होता, लहानपणी जॅमची बरणी धरायचा तसा. "तू गेलास कसा रे वर?"

"नाव पुकारलं त्यांनी. मी काय करू? सगळ्यांसमोर नाही म्हणू?"

"हो."

थेक्लानं बाहेर जाऊन सेनेटरची दोरी सोडली आणि दोघं डोंगराकडं चालू लागली.

तो हिवाळा फार लांबला. अग्निशमन दलाच्या भिंतीवर पितळी पाटी लागली, तिच्यावर लुडीचं नाव कोरलं गेलं. शाळेची बस रोज तिच्यासमोरून जायची. थेक्ला तिथं वेग वाढवायची. मागच्या पोरांना वाटायचं, बाईंना मजा येते. लुडी रस्त्यात भेटला तर ती मान वळवायची. आईच्या मृत्युदिनाच्या प्रार्थनेला दोघं एकाच बाकावर बसली, मधे दोन माणसांची जागा सोडून. थेक्लानं पोटित्सा भाजली होती, अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, आई करायची तशी. लुडीनं तुकडा घेतला आणि म्हणाला, "आईसारखी झालीय." थेक्ला म्हणाली, "आईनं तुला फार लाडावलं." त्या हिवाळ्यात दोघांत एवढंच बोलणं झालं.

मे महिना सरला आणि शर्यतीची माणसं गाढवं मागायला यायला लागली. पळणाऱ्यांतल्या निम्म्यांकडे स्वतःचं गाढव नसे. ते थेक्लाकडूनच नेत. पहिला आला त्याला ती म्हणाली, "यंदा माझी गाढवं चरणार आहेत." दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. लोकांना आधी गंमत वाटली. मग ते दुसऱ्या गावांत हिंडून आले, आणि तिथली गाढवं पाहून त्यांची गंमत संपली. हार्लनची स्वतःची गाढवीण होती, तरी तो वेन्डलच्या दुकानात जाऊन म्हणाला, "माझीपण चरणार आहे."

शेवटी वेन्डल आला. बरोबर कमिटीचे दोघं, तेच शेकोटीवाले. थेक्लानं त्यांना कॉफी दिली. माणूस दारात आला की कॉफी द्यायची, एवढं तिला आईनं शिकवलं होतं. साखर मात्र पुढं केली नाही.

"काय हवंय तुला, थेक्ला?" वेन्डल म्हणाला.

"तुला माहीत आहे."

"बायकांना खिंडीपर्यंत जाऊ द्यायचं, हे आम्ही बोललो आपसात. माझी बायको महिनाभर माझ्याशी धड बोलत नाहीये. ठीक आहे. ज्यांना जायचं त्या जातील."

"आणि नाव?"

वेन्डलनं कप फिरवला. "ते पितळेत कोरलंय."

"पितळ घासता येतं."

"घासलं की खड्डा पडतो. मग लोक विचारतील खड्डा कसला."

"विचारू देत ना! सांग त्यांना!"

"थेक्ला, लुडी पण याच गावात राहतो. तुझा भाऊ आहे. त्याला गावानं काय म्हणायचं?"

हे वेन्डलला बरं सुचलं. ती भावाचं तोंड काळं करायला निघाली आहे, असं ते झालं. गाढवाला मारणारा तो, चषक घेणारा तो, आणि नाव पुसायला सांगणारी ही दुष्ट! थेक्लाच्या हातात गरम किटली होती. त्याच्या डोक्यावर ती रिकामी करावी असं तिला मनापासून वाटलं. पण डॉरीननं खानावळीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं की यंदा मी खिंड बघणार. शाळेतली तरुण मास्तरीण, जिचे बूटसुद्धा नवे आले होते, ती रोज संध्याकाळी वाडग्यावर येऊन थेक्लाच्या म्हाताऱ्या गाढविणीला गाजरं घालत होती. नावासाठी अडून बसलं तर त्यांची खिंड जात होती.

"जा," ती म्हणाली. "गाढवं देते. पण नावाचं मी सोडलं नाही. तू मेल्यावरही सोडणार नाही."

वेन्डल हायसं वाटून हसला. त्याला वाटलं, मिटलं.

त्या वर्षी बायका खिंडीपर्यंत गेल्या. डॉरीन बर्फाच्या पट्ट्यातून परत फिरली आणि वर्षभर सगळ्यांना सांगत राहिली की गाढव थकलं होतं. मास्तरीण पोचली, रडत रडत, पण पोचली. थेक्ला आणि सेनेटर मधेच कुठंतरी आले. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. वर्तमानपत्रानं शेवटच्या ओळीत लिहिलं, 'यंदा काही महिलांनीही हौसेनं भाग घेतला.' हौसेनं! तेही पान सेनेटरनंच खाल्लं.

पुढं वर्षं गेली. लुडी आणि थेक्ला बोलायला लागली, माणसं बोलतात तशी, हवेबद्दल, छपराबद्दल, आईच्या थडग्यावरच्या गवताबद्दल. त्याच्या छातीत खाणीची धूळ साचली, बापाच्या साचली होती तशीच. लग्न त्यानं केलं नव्हतं. थेक्ला बसची फेरी संपली की त्याच्याकडं सूप घेऊन जायची, उशा सारख्या करायची, आणि सिगारेटी शोधून फेकायची. एका दुपारी तो खिडकीकडं बघत म्हणाला, "थेक्ला, ते पाटीचं..."

ती हातातला चमचा तसाच धरून थांबली. "हं?"

त्यानं वाटी जवळ ओढली. मग म्हणाला, "काही नाही. सूप गार होतंय."

वसंतात तो गेला. चर्च भरलं होतं. खाणीतले सगळे आले होते, हार्लन आला होता, वेन्डलही काठी टेकत आला होता. थेक्ला पहिल्या बाकावर बसली होती, डोळे सुजलेले, जुना काळा कोट घातलेला. लहानपणी याच चर्चमध्ये लुडीनं तिच्या वेणीला मेणबत्ती लावली होती, ते आठवून ती मधेच हसलीही होती. फादर तसे गावात नवे होते. लोकांनी सांगितलं तेवढं ते लुडीबद्दल बोलत होते. हसतमुख माणूस, कष्टाळू माणूस, मित्रांचा मित्र. "आणि आपल्या सर्वांना माहीत आहे," फादर म्हणाले, "लुडविगनं एकदा बॅनर खिंडीच्या शर्यतीत तिसरा क्रमांक मिळवला होता."

थेक्ला उठून उभी राहिली.

डॉरीननं मागून तिचा कोट ओढला. वेन्डल आपल्या काठीकडं बघायला लागला.

"तो नव्हता, फादर," थेक्ला म्हणाली. आवाज रडून बसला होता, पण मागच्या बाकापर्यंत पोचला. "मी होते. माझा भाऊ चांगला होता. माझं प्रेम होतं त्याच्यावर. पण तिसरी मी आले होते."

आणि ती खाली बसली.

फादरांनी चष्मा काढला. समोर बसलेल्यांकडं पाहिलं. हार्लननं मान डोलावली. मग पोस्टातली म्हातारी बाई, मग मास्तरीण, मग एकेक करून बरेच जण, ज्यांनी तेव्हा वळणाकडं पाहिलं होतं त्यांतलेही. फादरांनी चष्मा पुन्हा घातला.

"तिसरा क्रमांक थेक्लाचा," ते म्हणाले, आणि पुढची प्रार्थना वाचायला लागले.